सरावात पळणारी पोर मैदानात का थांबते?



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाची बैठक होती. हप्त्यांचा हिशेब झाला, सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका ताईंनी विचारलं, "मॅडम, माझी पोरगी रोज पहाटे पळती. गावातल्या पोरींत पहिली येती. पण भरतीच्या मैदानात उभी राहिली की तिचे पाय गळतात. दोनदा झालं असं. तिच्या अंगात ताकदच नाही का?"

एक ताई म्हणाल्या, दृष्ट लागली असंल. दुसऱ्या म्हणाल्या, खाणं कमी पडतंय, अंडी द्या. भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ती भ्याली आसंल."

माझ्या मते आजींचं उत्तर सगळ्यात जवळचं होतं. पण "भ्याली" म्हटलं की आपण पोरीला भित्री ठरवून मोकळ्या होतो. भीतीनं पायांचं नेमकं काय होतं आणि त्यावर घरातून काही करता येतं का, हे राहूनच जातं. त्या दिवशी माझी शेवटची गाडी निघायची होती, म्हणून "या अंकात लिहिते" असं कबूल केलं होतं. तो शब्द आज पाळते.

आधी माझंच सांगते. एमएसडब्ल्यूला जाण्याआधी मीही पोलीस भरतीला उतरले होते. ज्यांच्या घरात कुणी भरतीला नाही त्यांच्यासाठी सांगते: मुलींच्या मैदानी चाचणीत 800 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक असते. एकूण 50 गुण, त्यातले 20 एकट्या 800 मीटरला. (नवी जाहिरात आली की नियम पुन्हा वाचा, ते बदलू शकतात.) 800 मीटर म्हणजे मोठ्या मैदानाच्या दोन फेऱ्या. गावच्या रस्त्यावर मी ते अंतर आरामात काढत होते. मैदानात मात्र शिट्टी वाजली आणि मी अशी सुटले, जशी मागं कुत्री लागली आहेत. पहिली फेरी माझ्या आयुष्यातली सगळ्यात वेगाची असेल. दुसऱ्या फेरीत निम्म्यावर आले आणि पायात शिसं ओतल्यासारखं झालं. तोंड कोरडं, खांदे कानाला लागलेले, मुठी आवळलेल्या. ज्या पोरींना मी सरावात मागं टाकायचे त्या शेजारून निघून गेल्या. घरी सांगितलं, पोटात दुखलं. खरं काय झालं ते मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

आता कळतं ते असं. भीती वाटली की मेंदू शरीराला तयारीचा हुकूम सोडतो. मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यातून ॲड्रेनलिन नावाचं द्रव्य रक्तात येतं. छातीचे ठोके वाढतात, श्वास वाढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. म्हणूनच परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो, चार चार वेळा जावं लागतं, हात गार पडतात. यातलं काहीही आजाराचं लक्षण नाही. आनंदाच्या धावपळीतही शरीर बरंचसं असंच वागतं. यात्रेत पाळण्यात बसलेल्या पोराचं काळीजही असंच धडधडतं, पण ते पोर "मला काहीतरी होतंय" म्हणत नाही. ते "अजून एकदा" म्हणतं.

तेव्हा धडधड हा शत्रू नाही, ती पळायला लागणारी तयारीच आहे. बिघडतं ते पुढं. भ्यालेलं माणूस अंग आवळून धरतं. जबडा, मान, खांदे, मुठी या भागांचं पळण्यात फारसं काम नाही, तरी ते ताणलेले राहतात आणि तेवढी ताकद फुकट जाते. श्वास वरच्यावर, छातीतल्या छातीत चालतो. आणि वेगाचा अंदाज पार चुकतो. ॲड्रेनलिनच्या जोरात पहिल्या फेरीचा वेग जास्त असूनही हलका वाटतो. स्नायूंना लागतो तेवढा प्राणवायू पुरत नाही, स्नायूंमधली आम्लता वाढत जाते आणि दुसऱ्या फेरीत सगळं व्याजासकट वसूल होतं. हप्ता चुकवला की दंड कसा चढतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पण ही झाली मैदानातली भीती. मला जास्त सांगायचंय ते घरातून पोरीबरोबर मैदानात जाणाऱ्या गोष्टींबद्दल.

तुम्ही रोज ओझं उचलता. गवताचा एकच भारा एखाद्या दिवशी डोक्यावर आहे की नाही कळत नाही, आणि घरात वाजलं असलं की तोच भारा मान मोडतो. भाऱ्याचं वजन वाढलेलं नसतं, तुमची ताकदही एका रात्रीत गेलेली नसते. वाढलेलं असतं ते "जड वाटणं". शास्त्रज्ञ याला श्रमाची जाणीव म्हणतात आणि तिचं मोजमापही करतात. स्वीडनमधल्या गुन्नार बोर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी त्यासाठी 6 ते 20 अशी पट्टी बनवली. व्यायाम करणाऱ्याने नुसता आकडा सांगायचा, आत्ता किती जड वाटतंय. मोठमोठ्या दवाखान्यांत, खेळाडूंच्या शिबिरांत ही पट्टी वापरतात.

या जाणिवेवर 2009 साली एक प्रयोग छापून आला. सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 जणांना दोन वेगवेगळ्या दिवशी जागेवरची सायकल अगदी दमेपर्यंत चालवायला लावली. एका दिवशी आधी 90 मिनिटं संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले. माहितीपट बघून आलेली माणसं सरासरी 12 मिनिटं 34 सेकंद टिकली. डोकं शिणलेली तीच माणसं 10 मिनिटं 40 सेकंदांत थांबली. गंमत अशी की हृदय आणि स्नायूंची जी मोजमापं घेतली त्यात हा फरक समजावणारं काही सापडलं नाही. फरक पडला तो जाणिवेत. शिणलेल्यांना पहिल्यापासूनच सायकल जास्त जड वाटत होती. म्हणून "आता बास" ही वेळ त्यांच्यावर आधी आली.

हे वाचलं आणि मला आपल्या पोरी आठवल्या. 90 मिनिटांच्या कामानं एवढं होतं, तर रात्रभर "नापास झाले तर बाप लग्न लावून देईल" हा विचार डोक्यात घेऊन आलेल्या पोरीला 800 मीटर किती जड वाटत असतील!

ज्या ताईंनी प्रश्न विचारला होता, त्यांच्या मुलीला मी एक वही दिली. आपल्या गटाच्या नोंदवहीसारखी, आडव्या-उभ्या रेघा मारून. तारीख, 800 मीटरला लागलेला वेळ, किती जड वाटलं त्याचा 0 ते 10 मधला आकडा, आणि शेवटच्या रकान्यात "आज मनात काय होतं" याचे दोन-तीन शब्द. (बोर्ग यांची पट्टी 6 पासून सुरू होते, ते पोरींना विचित्र वाटतं, म्हणून सोपं केलं.) तीन आठवड्यांनी वही बघितली. वेळ जवळपास सारखा होता, चार-पाच सेकंद इकडे-तिकडे. पण आकडे 5, 6, 5 असे चाललेले असताना मध्येच 9 होता. समोर लिहिलं होतं, "काल वसुलीवाले दारात बसले होते."

आईनं एका खाजगी कंपनीचं कर्ज काढलं होतं, गटाला न सांगता. दोन हप्ते थकले होते. संध्याकाळी चार माणसं अंगणात येऊन बसली, शेजारीपाजारी बघत होते. पोर आत भाकऱ्या थापत होती. सकाळी ती उठून पळायला गेली आणि तिनं तेवढ्याच वेळात अंतर काढलं. म्हणजे पायात ताकद होती. पण त्या दिवशी तेच अंतर तिला दुप्पट वाटलं. सरावात ती 9 वरही ओढत राहिली. मैदानात, अनोळखी शहरात, शेजारी पन्नास पोरी आणि हातात एकच संधी असताना तो 9 चा 10 व्हायला कितीसा वेळ लागणार?

ती ओळ मी आईला दाखवली नाही. मुलीला विचारलं, तिनं स्वतःच दाखवली. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलं हिला काय कळतंय." पुढच्या बैठकीत त्यांनी कर्जाची गोष्ट गटासमोर मांडली. त्यावर काय ठरलं ते गटाच्या आतलं आहे, इथं लिहीत नाही.

मी असं म्हणत नाही की पोरीच्या परीक्षेसाठी घरातले प्रश्न संपवा. ते आपल्या हातात असते तर गट कशाला काढले असते? पण काही गोष्टी हातात असतात. भरतीच्या आदल्या रात्री हिशेब काढू नयेत. "एवढा खर्च केलाय तुझ्यावर" हे वाक्य त्या आठवड्यात तरी तोंडातून काढू नये. निघताना दारात "नाव काढ गं बाई" म्हणण्याऐवजी "संध्याकाळी काय करू खायला?" असं विचारलेलं बरं. पोरीला कळतं की काही झालं तरी संध्याकाळी घर आहे. मला कुणी तसं विचारलं असतं तर मी ती पहिली फेरी जरा सावकाश पळाले असते, असं मला अजून वाटतं.

आणखी एक भीती असते, तिच्याबद्दल पोरी आपण होऊन बोलत नाहीत. पहाटे अंधारात रस्त्यावर एकटीनं पळायची. कुत्री, वळणावर गाडी थांबवून बसलेली पोरं, आणि उजाडल्यावर "ट्रॅकपँट घालून कुठं निघाली" म्हणणारी माणसं. पाळी असली की डागाची धास्ती वेगळीच. अशा भीतीत पळताना कान मागं असतात, अंग आखडलेलं असतं, आणि मग रोजच आखडून पळायची सवय लागते. एका गावात गटातल्या तायांनी वार वाटून घेतलेत. ज्यांची पाळी त्या दोघी पहाटे चालायला म्हणून रस्त्यावर जातात. त्यांचंही चालणं होतं आणि पोरी मोकळ्या पळतात. मला तर भरतीच्या कुठल्याही महागड्या क्लासपेक्षा हे जास्त आवडलं.

आता मैदानात स्वतः पोरीनं काय करायचं? धडधड सुरू झाली की "मला भीती वाटतीये" म्हणण्याऐवजी "अंग तयार झालंय" म्हणायचं. हे नुसतं बोलणं वाटेल, पण मनातल्या मनात काय बोलतो याचा टिकण्यावर परिणाम होतो. 2014 साली मार्कोरा यांच्याच गटानं 24 जणांवर हे करून पाहिलं. निम्म्यांनी दोन आठवडे स्वतःच निवडलेली वाक्यं व्यायाम करताना मनात म्हणायचा सराव केला. ती माणसं आधीपेक्षा 18 टक्के जास्त वेळ टिकली, उरलेल्यांत तसा फरक दिसला नाही. वाक्य मात्र पोरीचं स्वतःचं हवं, तिच्या बोलीतलं. आपल्या त्या मुलीचं वाक्य आहे, "आलंच की वळण." तिच्या शेताच्या वाटेवर एक वळण आहे, तिथून घर दिसतं. मी सुचवलेलं इंग्रजी वाक्य तिनं दोन दिवसांत टाकून दिलं, बरं केलं.

सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिल्यावर श्वास सावकाश सोडायचा, आत घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून. चार-पाच वेळा. सोबत खांदे खाली, मुठी सैल. आणि पहिले 200 मीटर मुद्दाम हात राखून पळायचे. इतर पोरी पुढं जातील, जाऊ द्यायच्या. हे सांगायला सोपं आहे, करायला सगळ्यात अवघड. म्हणून सराव करताना मैदानासारखीच गर्दी, शिट्टी, छातीवर नंबर आणि बघणारी माणसं हवीत. रोज एकटीनं पळणाऱ्या पोरीला गर्दीची सवय मैदानात पहिल्यांदा का लावायची?

गोळाफेकीचं जरा वेगळं आहे. एका झटक्याच्या जोराला चेव मदत करतो. रागात जोर वाढतो हे प्रयोगांतही दिसलंय आणि आपण आपटलेल्या दारांवरूनही कळतं. पण तोच राग घेऊन 800 मीटर पळायला गेलं तर पहिल्या फेरीतच तो जळून जातो.

आणि गाणं? जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना याचं मर्म कुठल्याही प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. लयीत श्वास बसतो, मन दुसरीकडे जातं, सासरचं दुःखही दळणाबरोबर बाहेर पडतं. मध्यम कष्टाच्या कामात गाण्यानं श्रम कमी वाटतात. अगदी जीव तोडून पळताना मात्र गाण्याचा उपयोग कमी होतो, कारण तेव्हा शरीराचाच आवाज एवढा मोठा असतो की दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून कानात गाणी लावून सराव करणाऱ्या पोरींना मी सांगते, हलक्या पळण्याला लाव, वेगाच्या दिवशी नको. मैदानात ते चालतही नाही.

इथं थोडी भीती मला स्वतःला वाटते, की हे वाचून कुणी म्हणेल, "बघ, सगळं मनाचं आहे." सगळं मनाचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात रक्त कमी निघालं. हिमोग्लोबिन कमी असेल तर कुठल्याही वाक्यानं दुसरी फेरी पूर्ण होणार नाही. उपकेंद्रात तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या घ्या, आणि त्या चहाबरोबर घेऊ नका. पळताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर मन घट्ट करायचं नाही, थांबायचं.

बारामतीच्या लताताई करे यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. साठी उलटल्यावर नऊवारी नेसून, अनवाणी, नवऱ्याच्या तपासण्यांच्या पैशांसाठी त्या स्पर्धेत पळाल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमाही आला. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, मनात असलं की सगळं होतं. मला ती ऐकताना दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे त्यांचे पाय आयुष्यभराच्या कष्टानं तयार झालेले होते, नुसत्या मायेनं ते तीन किलोमीटर पळाले नाहीत. आणि दुसरी, दवाखान्याच्या पैशांसाठी बाईला अनवाणी पळावं लागतं यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे?

आता पोरींचं सोडून तुमच्याबद्दल, विशेषतः चाळिशी-पन्नाशीच्या तायांबद्दल. आपल्याकडे भांडण झालं की बाई तोंडानं बोलत नाही, कामावर राग काढते. कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडते, भरलेले हंडे एकामागून एक ओढते. 2016 साली 52 देशांतल्या 12 हजारांहून जास्त रुग्णांची पाहणी छापून आली. पहिला हार्ट अटॅक येण्याआधीच्या तासात काय घडलं ते त्यांना विचारलं होतं. मोठा राग किंवा मनस्ताप आणि जोराची अंगमेहनत हे दोन्ही त्याच तासात एकत्र आले असतील तर धोका सुमारे तिप्पट दिसला. बीपी, शुगर असलेल्या तायांनी तर भांडणानंतर आधी बसावं, पाणी प्यावं, लाकडं कुठं पळून जात नाहीत. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, अचानक धाप, मळमळ असं काही झालं तर "पित्त असंल" म्हणून झोपू नका, 108 ला फोन करा.

त्या मुलीची चाचणी अजून व्हायची आहे. वहीत परवाचा आकडा 6 आहे, आणि शेवटच्या रकान्यात "आई आली होती बघायला" एवढंच.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला हायस्कूलच्या मैदानावर आपण भरतीसारखीच चाचणी घेणार आहोत. ज्यांच्या घरातल्या मुली तयारी करतात त्यांनी ग्रामसंघाच्या सचिव ताईंकडे नाव द्यावं. मुली पळतीलच, पण मला बघणाऱ्या बायका जास्त हव्यात, निदान पन्नास, आणि गोंगाट करणाऱ्या. छातीवरचे नंबर, शिट्टी आणि स्टॉपवॉच मी घेऊन येते. वह्या आणताना शेवटचा रकाना घडी घालून आणला तरी चालेल, तो दाखवायचा की नाही हे मुलीनं ठरवायचं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक